अभ्यास न करता मार्क: भाच्याला आता काय सांगू?

तलावपाळीकर

मंडळी, पेचात सापडलोय.

गेल्या आठवड्यात भाच्याचा तिसऱ्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला. नवी मुंबईत एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. दहावीला ९१ टक्के, बारावीला बरे, आणि आता एम थ्रीत, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात, केटी (नापास, पेपर पुन्हा द्यायचा). थिअरीला ८० पैकी १९, पासिंग ३२ ला. बहीण कोपरखैरण्याला राहते. तिचा फोन आला, तू येऊन बोल, माझं ऐकत नाही. रविवारी ट्रान्स हार्बर पकडून गेलो. ऐरोली ते घणसोली या टप्प्यात काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं, वेळेचं नियोजन वगैरे. पोराने दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आत म्हणाला, "मामा, तूच सांगायचास ना, पुस्तक न उघडता ८४ टक्के पडले म्हणून? मीपण नाही उघडलं."

पोहे खाऊन परत आलो.

कारण हे मी खरंच सांगत आलोय. गणपतीत, लग्नात, बारशाला. १९९५ ची दहावी. कोपरीच्या आमच्या चाळीत माझी ख्यातीच ती होती. शेजारचा मुलगा पहाटे चारला उठून गॅलरीत मोठ्याने वाचायचा, अख्खी चाळ जागी व्हायची. त्याला ६८, मला ८४. मी संध्याकाळभर मैदानात. पुढे बी.कॉम.ही शेवटच्या पंधरा दिवसांच्या जोरावर फर्स्ट क्लासात काढलं.

तर ज्यांना कमी अभ्यासात खरोखर चांगले मार्क पडले त्यांनी सांगा, तुमचं नेमकं काय होत होतं? डोकं? नशीब? की आणखी काही? 'कष्टाला पर्याय नाही' हे कृपया कुणी लिहू नये. ते बहिणीने फ्रिजवर चिकटवलंय.

खोपट_नाका

कष्टाला पर्याय नाही. (सॉरी, राहवलं नाही.)

माझ्या पुतणीने तर पेपरच न देता मार्क मिळवलेत. मार्च २०२०, दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा, २३ तारखेला. आधी पुढे ढकलला, मग लॉकडाऊनमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क दिले. भूगोल हा तिचा सगळ्यात कच्चा विषय. लोणार सरोवर मराठवाड्यात आहे असं ती आजही छातीठोकपणे सांगते. भूगोलात तिला तेवढे मार्क आयुष्यात पडले नव्हते.

घणसोली_गाव

पुढची बॅच तर त्यावर कडी. २०२१ ला दहावीची परीक्षाच नाही. नववीच्या निकालाला ५० मार्क, दहावीच्या वर्षभराच्या कामाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. निकाल ९९.९५ टक्के. उरलेल्या ०.०५ टक्क्यांतल्या मुलांचा जाहीर सत्कार व्हायला हवा होता.

सानपाडा_जंक्शन

हसू नका रे त्या मुलांना. माझा धाकटा त्या बॅचचा. अकरावीत पहिल्यांदा तीन तासांचा पेपर समोर आला तर दीड तासात हात दुखायला लागला म्हणाला. लिहायची सवयच गेलेली.

निवृत्त_बाई

धागा आवडला. ठाण्यात ३१ वर्षं गणित शिकवलं आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे कितीतरी गठ्ठे घरी पलंगावर पसरून तपासले. तेव्हा थोडं लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे, मार्क म्हणजे केवळ अभ्यासाचं माप, ही समजूत पालकांची. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषेच्या तोंडीचे २० मार्क काढून घेतले तर एकदम ७७.१० वर आला. ते मार्क परत दिले, २०२० ला ९५.३०. त्या तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी आळशी आणि मग एकदम अभ्यासू झाली, असं काही घडलेलं नाही. परीक्षेचा साचा बदलला.

दुसरं. गणितात पायरीला मार्क असतात. सूत्र लिहिलं, किमती घातल्या आणि शेवटी वजाबाकी चुकली तरी चारातले दोन-तीन पदरात पडतात. आता गंमत बघा. मान मोडून अभ्यास केलेली मुलगी, उत्तर विचित्र आलं की घाबरते आणि अख्ख्या उदाहरणावर काट मारून पुढे जाते. काट मारलेल्या भागाला मी मार्क कुठून देणार? त्या काटेखाली मला सगळं बरोबर दिसत असायचं, शेवटची ओळ सोडली तर. आणि एखादा महाभाग, ज्याला प्रमेय धड येत नाही, तो आकृती काढतो, पक्ष लिहितो, साध्य लिहितो, दोन विधानं ठोकून देतो. त्याला मिळतात. याला कुणी अभ्यास म्हणणार नाही. पण कोरं पान न सोडण्याची निगरगट्टी हीसुद्धा काहींना जन्मजात असते आणि काहींना चाळीस वर्षांची झाली तरी येत नाही.

आणि ती 'अभ्यास न करणारी' हुशार मुलं. मला आठवणारी बहुतेक तिसऱ्या-चौथ्या बाकावर, खिडकीकडेला बसायची. वही अर्धी कोरी. पण मी फळ्यावर एखादं चिन्ह चुकवलं की पहिला आवाज तिथून, "बाई, वजा." म्हणजे मी लिहीत असताना तो मनात माझ्यापुढे एक ओळ असायचा. तासाला पस्तीस मिनिटं तो असा पळायचा. घरी जाऊन अभ्यास कशाला करेल? त्याचा झालेला असायचा. त्याच्या आईला मात्र तो घरी क्रिकेट खेळतानाच दिसायचा.

सानपाडा_जंक्शन

बाई, काटेचं वाचून पोटात गोळा आला. मी ती काट मारणारी मुलगी.

केटी_सम्राट

धागाकर्ते, तुम्ही योग्य माणसाच्या शोधात आहात. नेरूळहून इंजिनीअरिंग, आठ सेमिस्टर, एकही सेमिस्टर पंधरा दिवसांपेक्षा जास्त अभ्यास केला नाही. शेवटी डिस्टिंक्शन. (मधे एक केटी आहे, आयडी उगाच नाही घेतला. ती पुढे सांगतो.)

पद्धत अशी. ८० मार्कांचा पेपर. पहिला प्रश्न कम्पल्सरी, उरलेल्या पाचांतले कुठलेही तीन. म्हणजे छापलेले १२० मार्कांचे, सोडवायचे ८० चे. दोन आख्खे प्रश्न ऑप्शनला टाकायची मुभा विद्यापीठच देतंय, तर आपण नाही म्हणणारे कोण? आम्ही तिघं मित्र मागचे दहा पेपर घेऊन आलेखाच्या कागदावर तक्ता करायचो. आडवे पेपर, उभे टॉपिक, चौकोनात मार्क. तो कागद भरला की विषयाचा नकाशा दिसायचा. एम थ्रीत लाप्लास आणि इन्व्हर्स लाप्लास दर वेळी येणार म्हणजे येणार, फूरिए सिरीज येणार. एखादा धडा दहा पेपरांत मिळून दोनदा डोकावलेला, त्याला राम राम. नकाशा करायला एक रात्र, मग फक्त जाड रेघांचे टॉपिक, तेही लोकल ऑथरच्या पुस्तकातून सोडवलेले पेपर बघून.

उरलेलं शिक्षण स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे. तो खरा एचओडी, विभागप्रमुख. कुठल्या सरांनी कुठले प्रश्न 'बघून ठेवा' म्हटलेत ते त्याला आमच्याआधी कळायचं. ड्रॉइंगच्या शीट काचेखाली दिवा लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारलेल्या, म्हणजे दुसऱ्याच्या शीटवरून उतरवलेल्या. व्हायवाला इस्त्रीचा शर्ट आणि पहिल्या प्रश्नाला खणखणीत आवाज.

आता भाच्याबद्दल. १९ पडले म्हणजे त्याने ऑप्शनचं गणित कम्पल्सरीलाही लावलं असणार. पहिल्या प्रश्नात सगळ्या धड्यांतले पाच-पाच मार्कांचे चार तुकडे असतात, तिथे ऑप्शन चालत नाही. माझी केटी नेमकी तशीच गेली. आणि हो, मीही एम थ्रीच.

याची किंमतही सांगतो, लपवत नाही. महापेला कंट्रोल पॅनेल करणाऱ्या एका कंपनीत इंटरव्ह्यू. समोर पन्नाशीचे गृहस्थ. म्हणाले, मार्क छान आहेत, लाप्लास ट्रान्सफॉर्म कशासाठी वापरतात? माझ्या तोंडून निघून गेलं, "वीस मार्कांसाठी." ते इतके हसले की त्यांनी मला घेतलं. पहिलं वर्षभर मात्र रोज सहानंतर थांबवून मला तेच शिकवलं. चार वर्षांत जे वाचवलं होतं ते तिथे व्याजासकट भरलं.

खोपट_नाका

'वीस मार्कांसाठी' 😂 प्रतिसाद फ्रेम करून फ्रिजवर लावा, त्या दुसऱ्या कागदाशेजारी.

वाशी_फास्ट

आमच्या वेळी लेखी, आता सगळं एमसीक्यू, दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा. एमसीक्यूत अभ्यासाची गरजच काय, ठोकून द्यायचे. फक्त निगेटिव्ह मार्किंग असेल तिथे अंदाज लावला की हमखास तोटा.

गणिती_किडा

हमखास तोटा कसा? करून बघू. यूपीएससी पूर्व परीक्षेत चार पर्याय आणि चुकीला प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापतात. डोळे मिटून ठोकलं तर चारातून एकदा बरोबर, तीनदा चूक. कमाई एक, वजावट तीन गुणिले एक तृतीयांश म्हणजे एक. हाती शून्य. तोटा नाही, नफा नाही. पण एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला तरी तीनातून एक बरोबर, दोन चूक. एक वजा दोन तृतीयांश, नफा सुरू. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला तर बरोबरला ४ आणि चुकीला १ वजा, म्हणजे आंधळं ठोकूनही सरासरी किंचित वरच. आणि एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह नाहीच, तिथे गोळा रिकामा सोडणं हा गुन्हा आहे.

वाशी_फास्ट

सरासरी ठीक आहे हो. माझी परीक्षा एकदाच होती. वीस ठोकले, तीन बरोबर आले. सरासरी येऊन माझी फी भरणार का?

गणिती_किडा

मान्य. खोडता येईल एवढा अभ्यास हवा, हे लिहायचं राहिलं.

परखड

सगळे मजेत आहात, मी जरा विरजण घालतो.

मी कळव्याचा. वडील रिक्षा चालवायचे. शाळा नौपाड्यात, कारण मावशीने हट्टाने घातलं. वर्गात माझा एक जिवलग मित्र, राम मारुती रोडला राहणारा. त्याचं ब्रीद तेच, धागाकर्त्यांचं, 'मी नाही बुवा अभ्यास करत'. ते खोटं नव्हतं. मी त्याच्याकडे जेवायला जायचो तेव्हा त्याचे वडील, इंजिनीअर, आमटी वाढताना विचारायचे, कुकरची शिट्टी का होते? आई शिक्षिका. पेपर दोन यायचे, त्यातला एक इंग्रजी. कोड्यावरून भांडण व्हायचं. तो अभ्यास करत नव्हता, पण त्याच्या घरात अभ्यास चालू असायचा, पंख्यासारखा. बंद केलेला मी कधी पाहिला नाही.

मला तेच समजायला पाच तास बसावं लागायचं, तेही घरातले झोपल्यावर. आम्हा दोघांना सारखे मार्क पडले तेव्हा बाई वर्गात म्हणाल्या, "हा मेहनती, आणि तो हुशार." वय पंधरा. ते वाक्य अजून बोचतं. पुढे पालिकेच्या चिंतामणराव देशमुख संस्थेत स्पर्धा परीक्षेची तयारी केली, आज सरकारी नोकरीत आहे. तिथेही कोणी 'अभ्यास नाही केला' म्हणालं की मी विचारायचो, तुझ्या घरी जेवताना काय बोलतात?

निवृत्त_बाई

परखड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ते वाक्य मीही म्हटलेलं असणार. तुमच्या वर्गात नसेल, पण कुठल्यातरी वर्गात नक्की.

वाशी_फास्ट

पण काही लोक जन्मतः असतातच ना? रामानुजन घ्या. त्याने कुठे अभ्यास केला?

गणिती_किडा

चुकीचं उदाहरण. रामानुजन गणितात रात्रंदिवस बुडालेले होते, पाटीवर कोपराने पुसत बसायचे. आणि परीक्षांत? गणित सोडून बाकी विषयांकडे बघितलं नाही म्हणून कुंभकोणमच्या कॉलेजची शिष्यवृत्ती गेली, मग एफ.ए. या तेव्हाच्या कॉलेजच्या परीक्षेत दोनदा नापास. अफाट अभ्यास आणि कमी मार्क. धाग्याच्या बरोबर उलटं.

चाफा

हा धागा मला ऑफिसातल्या मैत्रिणीने पाठवला. 'बघ, तुझ्या दादासारखाच कोणीतरी.' फ्रिजपर्यंत वाचलं आणि कळलं. दादा, हो, मीच.

पुस्तक न उघडता म्हणे. बरोबर आहे. पुस्तक आईकडे असायचं.

लोकहो, सांगतेच आता. कोपरीची आमची खोली दहा बाय बारा. आई घरी टिकल्या लावायचं काम करायची. व्यापाऱ्याचा माणूस पिशवीभर टिकल्या आणि छापील कार्डं आणून टाकायचा. एकेका कार्डावर ओळीने लावायच्या आणि कार्डांच्या हिशोबाने पैसे. दादा खेळून यायचा साडेसातला. आई पाटावर याचं पुस्तक उघडून ठेवायची, पान उलटू नये म्हणून वर लाटणं आडवं. पुढ्यात कार्डं. हात टिकल्यांवर, डोळा पुस्तकावर. "हं, सांग. कारणे द्या, तिसरं."

दादा पलंगावर आडवा, पाय भिंतीला लावून. पुस्तक त्याला दिसायचंसुद्धा नाही. तो सांगत सुटायचा, अडला की आई एकच शब्द बोलायची, "पुढे?" उत्तर सांगायची नाही. त्याने आढ्याकडे बघितलं, 'आई सांग ना' म्हणून लाडात आला, तरी "पुढे?" अगदीच गाडं रुतलं तर ओळ वाचून दाखवायची, तीही सावकाश, बोट ठेवून, कारण तिची शाळा चौथीपर्यंतच. आणि मग त्या ओळीशेजारी समासात एक टिकली. कडा कापल्या गेलेल्या, रंग उडालेल्या टिकल्या कार्डावर चालत नसत, त्या ती याच्या पुस्तकासाठी बाजूला ठेवायची. काळी टिकली म्हणजे एकदा अडला. मोठी लाल म्हणजे पुन्हा अडला. दुसऱ्या दिवशी सुरुवात टिकल्यांपासून. नीट आलं की नखाने काढून टाकायची. मार्चपर्यंत पुस्तक साफ व्हायचं.

बीजगणितात तिला काही कळायचं नाही. दादा वहीत सोडवायचा आणि ती चित्रं जुळवावीत तशी पुस्तकाशी जुळवायची. "याच्या डोक्यावर लहान दोन आहे, तुझ्याकडे नाही."

हे रोज तासभर, आठवीपासून दहावीपर्यंत. आता याला तू अभ्यास म्हणत नसशील तर तुझी मर्जी. तुझ्या लेखी तू पलंगावर लोळत आईशी गप्पा मारत होतास.

आणि एक. मी तेव्हा सातवीत, बाजूला बसून कार्डं मोजायचे. ऐकून ऐकून तुझी दहावी माझी सातवीतच पाठ झाली. माझ्या दहावीला मला ८६ पडले. त्याबद्दल मात्र चाळीत कुणी काही बोललं नाही. मी पुस्तक घेऊन बसलेली दिसायचे ना.

तुझं विज्ञानाचं पुस्तक माझ्याकडे आहे. ओहमच्या नियमाशेजारी लाल टिकली अजून आहे. तो तुला शेवटपर्यंत आला नाही.

खोपट_नाका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागाकर्ते, कुठे आहात?

केटी_सम्राट

काकूंना साष्टांग. आमचा आलेखाचा कागद पाण्यात गेला.

मनातलं_ओळखा

मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, इतका वेळ नुसती वाचत होते. चाफा, तुमच्या आईने जे केलं ते पुढे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.

२००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिकी या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तर वाचणारे ४० वर घसरलेले आणि आठवणारे ६१ वर. चाळीतला तो पहाटे चारचा मुलगा पहिल्या गटात होता. धागाकर्ते दुसऱ्या. बिचाऱ्याला पहाटे पाच वाजता विचारलं असतं तर तो तुमच्या पुढे असता.

यातली मेख अशी की वारंवार वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला येतंय. डोळ्यांना ओळखीचं झालेलं असतं. आणि आठवणाऱ्याला सतत अडखळल्यासारखं वाटतं. म्हणून तो सांगतो, माझा अभ्यास झालाच नाही.

एक विचारू? भाचा परीक्षेच्या आदल्या रात्री व्हिडिओ बघतो का? दीडपट वेगाने?

चाफा

दुप्पट. आणि मधे मधे मान हलवतो, 'समजलं समजलं' अशी.

परखड

चाफा, माझा प्रतिसाद थोडा मागे घेतो. चौथी शिकलेल्या बाईच्या घरातही पंखा चालू असू शकतो, हे मी धरलं नव्हतं. आमच्या घरी तो नव्हता. पण याचं कारण शिक्षण असं मी समजत होतो. आईला वेळ नव्हता, ती चार घरची भांडी करायची. तुमच्या आईचं काम घरात होतं. बहुधा एवढाच फरक.

तलावपाळीकर

आलो. दोन दिवस लपून बसलो होतो.

सगळ्यांसमोर कबूल करतो, टिकल्या मी विसरलो होतो. म्हणजे आठवत होत्या, पण आईचं काम म्हणून. माझ्या पुस्तकात त्या होत्या हे मी कधी जोडलंच नाही. तीस वर्षं गोष्ट सांगताना मी त्या खोलीतून आईला उचलून बाहेर ठेवली होती.

आणि बी.कॉम.चे पंधरा दिवस? मी तेव्हा संध्याकाळी दोन मुलांच्या अकाउंट्सच्या शिकवण्या घ्यायचो, पॉकेटमनीसाठी. तीन वर्षं रोज तोच विषय तोंडाने बोलत होतो. तोही मी अभ्यासात धरलेला नाही. वर्षभर शिकवून शेवटचे पंधरा दिवस पुस्तक वाचलं आणि श्रेय पंधरा दिवसांना दिलं.

ताई नाही म्हणता येत तुला, धाकटी आहेस. पण ओहमचा नियम मला येतो. विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात.

चाफा

पुढे?

तलावपाळीकर

...

निवृत्त_बाई

"वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना." लाल टिकली राहू द्या.

चाफा

तीन आठवड्यांनी लिहितेय, काही जणांनी विपूत (विचारपूस पानावर) विचारलं म्हणून.

दादा येऊन चिरंजीवांना खरी हकिगत सांगून गेला. चिरंजीवांवर परिणाम शून्य. "म्हणजे मामापण खोटं बोलत होता, छान." विषय संपला असं मला वाटलं.

परवा संध्याकाळी आई गॅलरीत लसूण सोलत बसली होती. ७४ वर्षांची आहे, टिकल्यांचं काम सुटून वीस वर्षं झाली, पण हाताला चाळा लागतो. नातू शेजारी मोबाइल घेऊन. अचानक म्हणाली, "आण ते पुस्तक माझ्याकडे." तो हसला, आजी इंग्रजीत आहे, त्यात गणित. तर म्हणाली, "मला कुठे सोडवायचंय? तू सोडव, मी बघते."

त्याने मस्करीत सोडवलेलं एक पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायला लागला. लाप्लासचं काहीतरी होतं. मी कणीक मळताना बघत होते. लिहून झाल्यावर आईने चष्मा लावला, एक बोट पुस्तकावर, एक कॅलेंडरवर, लसणाचे हात. दुसऱ्या ओळीवर थांबली.

"तुझ्या या अक्षराच्या डोक्यावर आडवी काडी नाही. यात आहे."

तो वाकून बघायला लागला. ई च्या घातात वजा तीन होतं, त्याने नुसतं तीन लिहिलं होतं. त्यामुळे खाली एस अधिक तीनच्या जागी एस वजा तीन आलं होतं, आणि तिथून सगळं वाकडं. तो गप्प. आई म्हणाली, "पुढे?"

त्याने कॅलेंडरचा पुढचा महिना फाडला. साडेनऊपर्यंत चाललं. मधेच आई उठून आत गेली, मला वाटलं औषध घ्यायला. माझ्या आरशाला चिकटवलेली टिकली काढून आणली आणि त्या पानाच्या समासात लावली.

आता माझ्या आरशावर एकही शिल्लक नाही.

केटी_सम्राट

त्या आडव्या काडीनेही माझे एम थ्रीचे मार्क खाल्ले होते. आजी बाहेरचे विद्यार्थी घेतात का? महापेहून सहाला सुटतो.

चाफा

विचारलं. ये म्हणाली. लसूण सोलावा लागेल.